आमच्या पाड्याची वाट काढणारा माणूस

मागच्या बुधवारी शाळेत जे घडलं, ते अजून डोक्यातून जात नाहीये...

मी रांध्याच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या जमनाबेनला घरून फोन आला, मुलीला कळा सुरू झाल्यात. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण ड्रायव्हर नवा आणि त्याच्या मोबाइलवर तिच्या पाड्याची वाटच दिसेना. तो मेन रोडवर गाडी थांबवून फोन करत होता, आणि इकडे जमनाबेन चूल तशीच सोडून माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी होती.

माझ्या फोनमध्ये भाच्याने ट्रेकसाठी टाकलेला एक फुकटचा नकाशा आहे. जगभरातले लोक हौसेने त्यात भर घालत असतात. उघडला, तर चक्क अख्खा पाडा! वाट, ओढा ओलांडायची फरशी, घरंसुद्धा... लगेच ड्रायव्हरला लिंक पाठवली. गाडी दारात पोचली आणि मुलगी सिल्वासाच्या दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली.

संध्याकाळी नकाशातल्या नोंदींत सहज बघितलं, हे काढलं तरी कोणी? तर शेजारच्या देशातल्या एका माणसाने. सध्या ज्या देशाशी आपलं अजिबात पटत नाही ना, तोच. सॅटेलाइटचे फोटो बघून घरबसल्या काढलं होतं त्याने.

मिस्टर भडकलेच. यांना आपल्या वाटा कशाला हव्यात, आधी कम्प्लेंट कर म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही जरा धाकधूक वाटली.

दुसऱ्या दिवशी जमनाबेनला सगळं सांगितलं. देशाचं नाव ऐकून तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "बाई, त्याला कळवा ना... मुलगी झाली."

नकाशावरूनच मेसेज करून कळवलं. त्याचं उत्तर आलं. अभिनंदन, आणि खाली एक प्रश्न... पावसाळ्यात ती फरशी पाण्याखाली जाते का? फोटोत कळत नाही म्हणे, पण गाडीवाल्यांना माहीत हवं.

मी फोन मिस्टरांपुढे धरला. रविवारी त्यांनी बाइक बाहेर काढली आणि म्हणाले, "चल, बघून येऊ."

फरशीजवळच्या घरी विचारलं. जाते म्हणाले, जोराचा पाऊस झाला की जातेच. मग त्यांनीच मागून फिरून येणारी दुसरी वाट दाखवली. ती नकाशात मिस्टरांनी स्वतः भरली.

वरच्यांची भांडणं चालू देत, ती काही माझ्या हातात नाहीत. पण आमच्या पाड्यात गाडी पोचावी असं ज्याला इतक्या लांबून वाटलं, त्याचे आभार मानायला मला कोणाची परवानगी लागू नये.