मापात आलेला शब्द

अंबडहून शहरात येणाऱ्या बसमध्ये ते रोज माझ्या सीटजवळ उभे असायचे. वय पन्नाशीचं, अंगात कंपनीचा खाकी शर्ट. कारखान्यात टर्नर आहेत, लेथ मशीनवर लोखंड कातून घडवतात, एवढंच मला ठाऊक होतं. नाव कधी विचारलं नाही. हाताला ऑइल लागलेलं, म्हणून कपाळावरचा घाम ते मनगटानं पुसायचे. बसचा दांडा धरला की त्यावरून अंगठा फिरवून त्याचा गुळगुळीतपणा बघत राहायचे.

एकदा माझ्या मांडीवरच्या वहीत डोकावून म्हणाले, "मॅडम, काय शिकवता?"

"फ्रेंच. हा घामाचा शब्द बघा. लॅटिनमध्ये 'सुदोर'. स्पॅनिशमध्ये जवळपास तसाच राहिला. पोर्तुगीजमध्ये 'द' गळून 'सुओर' झाला. आणि फ्रेंचांनी तोंडात घोळवून घोळवून त्याचा 'स्युर' केला. झिजला बिचारा."

ते एकदम ताठ झाले.

"बिचारा कशाला? लेथवर लावलेला जॉब, म्हंजे लोखंडाचा तुकडा, कमीच होत जातो, मॅडम. आम्ही त्याला झिजला नाय म्हणत. मापात आला म्हणतो." आणि दोन बोटांत हवेतलंच माप धरून त्यांनी मला दाखवलं, जणू तो शब्द आत्ताच त्यांच्या लेथवरून उतरला होता.

आता वर्गात हा शब्द आला की मी त्यांचंच वाक्य सांगते: झिजला नाही, मापात आला. परवा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कोणत्या भाषातज्ज्ञानं म्हटलंय?"

"अंबडच्या एका टर्नरनं," मी म्हटलं. "लिहून घे."