अकरा मिनिटांचा परिच्छेद

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे. हे प्रारंभीच नमूद करतो, कारण पुढे कॅनडा देशातील एका विमानतळाच्या अधिकाऱ्यांनी माझ्या हातच्या मजकुरावर विचारविनिमय केला, असा भाग येणार आहे, आणि तो वाचताना माझ्या पदवीविषयी कोणाचा गैरसमज होऊ नये.

गेली सव्वीस वर्षे पुण्यातील एका सरकारी कचेरीच्या भिंतीलगत माझे टेबल आहे. नावातील बदल, वारसनोंद, शिधापत्रिका, विजेचे मीटर, शेजाऱ्याची गच्ची अशा सर्व विषयांवरील अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे मी लिहितो. माझ्या हातचा अर्ज टेबलावर आला की आतले कारकून न विचारता ओळखतात. याचे कारण अक्षर नव्हे, कारण ते आता संगणक काढतो. कारण माझी पद्धत. पक्षकाराचे सर्व म्हणणे ऐकून झाल्यावर मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, "आता तुमच्या बाजूने काय चुकले ते सांगा." बहुतेक लोक रागावतात. परंतु ज्यांच्याजवळ बसून मी हे काम शिकलो त्या वृद्ध गृहस्थांनी मला बजावले होते की, आपली कसूर आपणच लिहावी, म्हणजे ती आपल्या मापाची राहते. समोरच्याने लिहिली तर दुप्पट होते. म्हणून माझ्या प्रत्येक कागदात एक परिच्छेद कसुरीचा असतो.

एके दिवशी दुपारी चमकत्या पट्ट्यांचे हिरवे जाकीट घातलेली, तिशी ओलांडलेली एक बाई टेबलापुढे येऊन उभी राहिली. सासर वाघोलीचे, शेतीवाले घर. स्वतः नऊ वर्षे पुण्याच्या विमानतळावर नोकरीस.

"काका, मला फक्त मी काय काम केलं ते लिहून हवंय. शपथेवर."

प्रकरण असे होते. कॅनडातील एका लहान शहराच्या विमानतळाला अनुभवी पर्यवेक्षक हवे होते. बाईंची परीक्षा झाली होती, कागद पसंत पडले होते. मात्र नऊ वर्षांपैकी सहा वर्षे त्यांनी ज्या ठेकेदार कंपनीत काढली ती कंपनीच बंद पडली होती आणि अनुभवाचा दाखला देणारे कोणी उरले नव्हते. याच एका कागदावाचून यापूर्वी दोन विमानतळांनी त्यांचा अर्ज परत केला होता. या तिसऱ्याने मात्र मुभा दिली होती: कामाचे सविस्तर वर्णन शपथेवर द्यावे, त्यावर तेव्हाच्या वरिष्ठाची सही असावी, आणि हे सर्व दहा दिवसांत पोचावे.

"म्हणजे आपण विमान चालवता?" मी विचारले.

"नाही हो! विमान उडवणारे वेगळे. ते खाली उतरून परत उडेपर्यंत आमच्या ताब्यात. कुठं उभं करायचं, कुठली गाडी किती जवळ न्यायची, जमिनीवर खडा पडलाय का, पिशवी उडतेय का, सगळं आम्ही बघायचं."

"आणि कॅनडात?"

"तिथं यात बर्फ मिळवा. विमानतळ चालवणाऱ्यांचं तिथं स्वतंत्र शिक्षण असतं, परीक्षा असतात. धावपट्टी, दिवे, कुंपण, पक्षी, बर्फ. सकाळी फेरी मारायची, पाहिलं ते लिहायचं. संध्याकाळी परत."

"रोज लिहायचे?"

"रोज. काही झालं नसेल, तर काही झालं नाही असं लिहायचं."

मी खुर्चीत सरसावून बसलो. काही झाले नाही हेसुद्धा ज्या खात्यात लेखी असते, त्या खात्याविषयी माझ्या मनात त्या क्षणी जो आदर उत्पन्न झाला तो आजतागायत टिकून आहे.

तासभर मी टिपणे घेतली. नंतर रिवाजाप्रमाणे पेन खाली ठेवले. "आता तुमच्या बाजूने काय चुकले?"

बाई मोकळेपणी हसल्या. "एकदा विमान अकरा मिनिटं अडवलं होतं मी." उभ्या विमानाभोवती नारिंगी रंगाचे आठ कोन, म्हणजे प्लास्टिकचे शंकू, ठेवतात. विमान निघण्यापूर्वी ते उचलून मोजायचे, कारण एखादा खाली राहिला तर इंजिनात ओढला जाण्याचे भय. त्या सकाळी बाईंच्या मोजणीत सातच भरले. त्यांनी वॉकी-टॉकीवरून विमान थांबवले. सगळे पटांगण पालथे घातले. आठवा कोन त्यांच्याच जीपच्या मागच्या सीटवर निघाला. तडा गेला म्हणून त्यांनी स्वतःच तो तिथे ठेवला होता. "मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मोजणी माझीच चुकली, विमान सोडा म्हणून. पायलटनं काय काय सुनावलं! आणि दुपारी कंपनीचा मेमो."

मी पाच परिच्छेदांचे प्रतिज्ञापत्र तयार केले. पहिल्या चारांत मी माझे सर्व कौशल्य ओतले होते. पाचवा कसुरीचा.

त्यांचे तेव्हाचे वरिष्ठ निवृत्त होऊन सदाशिव पेठेत राहत होते. मसुदा घेऊन मी स्वतः गेलो. साहेबांनी चष्मा लावला, लाल पेन उघडले, आणि मला बसा म्हणण्यापूर्वीच वाचण्यास आरंभ केला.

"नभोमार्गाच्या वाहतुकीची धुरा. ही धुरा कुठे ठेवलेली असते?"

"तो अलंकार आहे, साहेब."

"विमानतळावर बेवारस वस्तू सापडली की आम्ही ती उचलून बाजूला ठेवतो." त्यांनी ओळ छाटली. "अहोरात्र? बाई आठ तासांच्या पाळीला होत्या. आठ तास लिहा. डोळ्यांत तेल घालून? तेल चालत नाही तिथे, घसरतं."

"साहेब, थोडी शोभा लागते."

"लग्नपत्रिकेत लागते. तुम्ही त्यासुद्धा लिहिता का?"

चार परिच्छेदांचा त्यांनी असा संहार केला की शेवटी केवळ कामांची यादी उरली. पाचव्यापाशी मात्र पेन थांबले. त्यांनी तो दोनदा वाचला, पेनाला टोपण लावले, दुसरे निळे पेन काढले आणि शेवटच्या पानावर सही केली.

"यात काही बदल?" मी विचारले.

"कशाला? असंच झालं होतं. मी तिथे होतो."

दुसऱ्या दिवशी बाई पाळी संपवून धावत आल्या तेव्हा साडेबारा वाजले होते आणि नोटरी महाशय जेवायला उठत होते. सर्व पानांवर सह्या झाल्या, शिक्के पडले. कागद अनुवादकाकडे गेले, तेथून इंग्रजीत होऊन बाईंच्या संगणकावरून कॅनडाला रवाना झाले. मी समाधानाने चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या त्या हातात कागद धरूनच.

"काका, हे काय केलंत? कौतुकाचा एक शब्द नाही आणि मेमो तेवढा ठेवलात?"

"ताई, कौतुक साहेबांनी काढले. आणि सही तुम्ही केलीत."

"नोटरी उठत होते हो! तुम्ही लिहिलंय म्हणजे नीटच असणार म्हणून केली. नोकरी मागायला चाललेय मी. मी विमान उगाच अडवते असं शपथेवर सांगतं का कुणी? हे तिसरं विमानतळ आहे, काका. चौथं मला कुठलं मिळायला?"

टेबलापुढे चार माणसे ऐकत होती. बाईंचा राग रास्त होता. कारण सही घेण्यापूर्वी पक्षकाराला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा, हा नियम मी सव्वीस वर्षांत कधी मोडला नव्हता. आणि त्या दिवशी नोटरींच्या जेवणापायी मोडला होता. कसूर बाईंची नव्हती, साहेबांची नव्हती. पुरवणी प्रतिज्ञापत्र करून तो परिच्छेद मागे घेऊ, असे मी सुचवले. त्या म्हणाल्या, एकदा पोचलेला कागद ते बदलून घेत नाहीत. मग हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवून त्या गेल्या.

घरी जेवताना दुसरी पोळी नको म्हटल्यावर पत्नीने विचारले, "आज कुणाचं काम बिघडवलंत?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणूस तपशील विचारत नाही.

आठवडाभराने बाईंचा फोन आला. विमानतळाच्या लोकांनी मुलाखत ठेवली होती, पडद्यावरची. साहेबांनाही हजर राहण्यास सांगितले होते, म्हणून साहेबांच्याच घरी बसायचे ठरले होते. "तुम्हीही यायचं," त्या म्हणाल्या. आवाजात अद्याप धार होती. "तुमचा परिच्छेद आहे. विचारलं तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार."

मी लग्नकार्याचा सदरा घालून गेलो. साहेबांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तुमची मुलाखत नाहीये," ते म्हणाले आणि एक स्टूल माझ्याकडे सरकवले.

आपल्याकडे दिवेलागण झाली होती, तिकडे सकाळ. पडद्यावर तिघे होते. मधोमध त्या विमानतळाच्या प्रमुख बाई, केस पांढरेशुभ्र आणि कापलेले. एका बाजूला बर्फ काढण्याच्या कामाचा प्रमुख, अंगाने आपल्याकडील तालमीतल्या वस्तादासारखा. दुसऱ्या बाजूला नोंदी तपासणारा एक सडपातळ गृहस्थ. त्यांच्यामागे खिडकी होती आणि खिडकीत पांढऱ्या रंगावाचून काहीही नव्हते. माझे इंग्रजी कचेरीतल्या इंग्रजीपुरते असल्याने साहेब मला हलक्या आवाजात, अत्यंत काटकसरीने, मराठीत सांगत होते.

"नमस्कार झाले... हवापाणी विचारतायत... आता पाचव्याबद्दल."

मी सदऱ्याचे वरचे बटण लावले. पहिल्या चारांबद्दल एकही प्रश्न नव्हता.

"नोंदीवाला विचारतोय, दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

बाईंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. नंतर सावकाश, स्पष्ट बोलू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांची पाठ ताठ होत गेली. साहेबांनी मला सांगितले ते असे: दुसऱ्या दिवशी त्यांनी आठही कोनांवर एक ते आठ आकडे रंगवून घेतले होते. तडकलेला कोन काढला तर त्याच्या आकड्याची पाटी जागेवर ठेवायची. तेव्हापासून नुसती मोजणी नाही, आकडे पाहायचे. मेमोमध्ये असे काही सांगितलेले नव्हते. त्यांचे त्यांनीच केले होते.

"हे तुम्ही मला का सांगितले नाहीत?" मी न राहवून बाईंना म्हणालो. "सहावा परिच्छेद झाला असता!"

"श्शू," साहेब म्हणाले.

तेवढ्यात बर्फवाला काहीतरी बोलला आणि पडद्यावरचे तिघेही मोठ्याने हसले. बाई हसल्या. साहेबसुद्धा हसले, आणि मी एकटाच गंभीर चेहऱ्याने बसून राहिलो.

"काय म्हणाला?"

"त्यानं एकदा अख्खी धावपट्टी बंद ठेवली होती. बर्फ ओढायच्या गाडीचं पातं तिथं पडलंय असं वाटून. पातं दुरुस्तीला गेलं होतं. पाठवणारा तोच."

"किती वेळ बंद?"

"तुम्हाला काय करायचंय?"

परंतु आमची कुजबुज तिकडे पोचली होती. प्रमुख बाईंनी विचारले, कोपऱ्यात कोण आहे? आमच्या बाईंनी शब्द दिल्याप्रमाणे माझ्याकडे बोट दाखवले आणि काहीतरी सांगितले. मी स्टुलावरून उठून नमस्कार केला. त्यामुळे पडद्यावर माझे डोके जाऊन केवळ सदरा दिसू लागला, असे नंतर कळले. प्रमुख बाई बराच वेळ बोलल्या. साहेबांनी त्याचा गोषवारा दिला.

"म्हणतायत, त्यांच्या रोजच्या फॉर्मात शेवटचा रकाना असतो, माझ्याकडून काय चुकलं याचा. दर सकाळी त्या तो आधी वाचतात. बहुतेक कोरा असतो. हा भरलेला कागद कुणी लिहिला ते त्यांना बघायचं होतं." मग ते म्हणाले, "बसा आता. नुसता सदरा दिसतोय."

मी बसलो. पुढील वीस मिनिटे ती मंडळी पक्षी, दिवे आणि गाड्यांच्या वेगाविषयी बोलत होती, आणि मी त्या तिघांकडे पाहत होतो. रोज पाहायचे, पाहिलेले लिहायचे, चुकलेले तेही लिहायचे, आणि त्या लिहिण्याच्या भरवशावर शेकडो माणसांना आकाशात सोडायचे! मला उगीचच वाटले की, आमच्या भिंतीलगत आणखी एक टेबल मांडून ही माणसे बसली असती तर त्यांचे बरे चालले असते.

निघताना बाई जिन्यात थांबल्या. "काका, अजून काही कळवलेलं नाही त्यांनी."

"ताई, वाचून न दाखवता सही घेतली, ती माझी चूक. निकाल काहीही लागो."

"हो, ती तुमचीच," त्या म्हणाल्या. परंतु या वेळी आवाजात धार नव्हती.

निकाल काही दिवसांनी लागला. भर गर्दीच्या वेळी बाई नवरा आणि सासूबाईंना घेऊन टेबलापाशी आल्या आणि पेढ्यांचा पुडा माझ्या कागदांवर ठेवला. नेमणुकीचे पत्र आले होते; सहा महिन्यांनी नवऱ्यालाही नेता येणार होते. रांगेतील माणसांना पेढे वाटले गेले. सातबाऱ्यासाठी आलेल्या एका आजोबांनी, कशाचे हे न विचारता, दोन घेतले.

सासूबाई मात्र पेढा हातात धरूनच उभ्या होत्या. "तितं बरफ हाय म्हनत्यात. त्ये समदं हिनंच काढायचं व्हय?"

"आत्या, सांगितलं ना गाड्या असतात," बाई म्हणाल्या.

मी सासूबाईंना खुर्ची दिली. रांगेला थांबण्याची खूण केली. नंतर कोऱ्या कागदावर धावपट्टी काढून, बर्फाच्या गाड्या कशा एकामागोमाग तिरप्या चालतात, पक्षी कसे हाकलतात, सकाळची फेरी कोण घेतो आणि नोंद कोठे होते, हे मी त्यांना क्रमवार समजावून सांगितले. पंधरा मिनिटे लागली. मध्ये एकदा बाई काहीतरी दुरुस्त करू पाहत होत्या. मी त्यांना हाताने थांबवले.

सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले. पेढा तोंडात टाकला. "आन् मग इमान कोन उडवतं?"

"ते," मी म्हणालो, "आपल्याकडे येत नाही. त्यांचे खाते वेगळे."