शिंग वाजल्यानंतर

मुकादमाच्या घरात 'शिकार' हा शब्द कोणी वापरत नसे. बाप म्हणायचा, हाक्याला चाललो. मुकादम आणि त्याचा धाकटा भाऊही तेच म्हणत. डबे बडवत, ओरडत झाडीतून चालायचं आणि रानडुकरं बंदुकांपुढे हाकलायची, हे त्यांचं काम. शिकार करायचे ते पाहुणे, मचाणावर गादी टाकून. मेलेल्या जनावराशेजारी फोटोला उभे राहायचे तेही तेच. मुकादमाला त्याचं कधी काही वाटलं नाही. ज्याचं त्याला.

नियम मात्र एक होता. हाक्याची रांग मचाणाजवळ आली की मुकादम शिंग फुंकी. त्यानंतर झाडीकडे गोळी झाडायची नाही, जनावर नाकासमोरून गेलं तरी. बापाच्या काळापासून हा नियम कोणी मोडला नव्हता. परवा सिमेंटवाल्या शेठनं मोडला आणि धाकट्याचा गुडघा गेला.

पोलीस जबाब घ्यायला यायचे होते. त्याआधी इस्टेटीच्या मॅनेजरनं मुकादमाला ऑफिसात बोलावलं. शेठ खुर्चीत होताच. धाकटा रांग सोडून पुढे पळाला, शिंग नंतर वाजलं, एवढंच सांगायचं, असं मॅनेजरनं पढवलं. शेठनं समजूत काढल्यासारखं म्हटलं, "शिकार म्हटली की धोका आलाच रे."

मुकादमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी दवाखान्यात भावजय म्हणाली होती, "भावोजी, पाय तर गेलाच. आता चूकही यांच्याच माथी मारू देऊ नका."

"धोका कुणाला, शेठ?" तो म्हणाला. "डुकराला निदान आडवं पळता येतं. आम्हाला सरळ तुमच्याकडेच यावं लागतं. वर बसून बार काढता, त्याला खुशाल शिकार म्हणा. शिंगानंतर केलंत त्याला म्हणू नका. ते माणसावर गोळी झाडणं झालं."

मॅनेजर म्हणाला, जीभ आवर, उद्या हाका आहे.

"आहे ना. शेठना खाली उतरवा. माझ्या शेजारून चालतील."

शेठनं खिडकीकडे तोंड फिरवलं. फाटकातून पोलिसांची जीप आत येत होती.

मुकादम बोलावण्याची वाट न बघता बाहेर पडला. राग उतरला नव्हता. जीपपाशी जाऊन त्यानं जबाब सुरू केला, तो ऑफिसातल्या दोघांनाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात.