थांबाबाईंनी बसवलेले दात

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना सगळे ‘थांबाबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. पेशंट खुर्चीत बसायच्या आत त्यांचं ‘थांबा’ सुरू होतं. मला वाट पाहायचा जन्मजात कंटाळा. लिफ्टसाठी ताटकळण्यापेक्षा मी जिना चढते, आणि उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरते. या वयात असं करू नये, हे मुलीने शंभरदा सांगून झालं. शेवटी जिन्यानेच सांगितलं. वरचे पुढचे दोन दात अर्धे तुटले.

दिसण्याचं मला दुःख नव्हतं. आरशाशी माझं कधीच फाटलं आहे. पण यांची नजर गेल्यापासून रोज दुपारी मी यांना वाचून दाखवते. वर्तमानपत्र, प्रवासवर्णनं, कधी माझी कॉलेजातली इतिहासाची पुस्तकं. दात तुटल्यावर प्रत्येक ‘स’ शिट्टी वाजवत बाहेर पडू लागला. हे काही बोलले नाहीत, आणि तेच मला लागलं. हा माणूस जन्मभर मला दर वाक्याला अडवत आला. ‘कोण म्हणालं? पुन्हा वाच. गाडी सुटतेय का तुझी?’ आता मात्र पाहुण्यासारखे हात मांडीवर ठेवून निमूट ऐकायचे. मग एका दुपारी म्हणाले, “दमली असशील. आज रेडिओच लाव.”

मी रेडिओ लावला आणि तडक थांबाबाईंकडे गेले.

दवाखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. खिडकीशी खुर्ची, फळीवर प्लास्टरच्या जबड्यांची रांग, आणि भिंतीला एक लाकडी कपाट, ज्याचे खण ओढले तरी आवाज होत नाही. खुर्चीत बसता बसताच मी म्हटलं, “दोन कॅप बसवा. सगळ्यात मजबूत. धातूच्या असल्या तरी चालतील, घरी बघणारं कोणी नाही.”

“थांबा, मावशी. आधी आ करा.” त्यांनी खालचे दात बराच वेळ न्याहाळले. “रात्री झोपेत दात खाता?”

“दिवसाही खाते. समोर कोण आहे त्यावर आहे.”

“दातांनी आणखी काय काय करता? दोरा तोडता? बाटलीचं झाकण उघडता?”

“मी दात बसवायला आलेय, जबानी द्यायला नाही.”

त्या हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. मापासाठी गुलाबी लगदा कालवता कालवता कारणही सांगितलं. त्यांचे वडील सुतार. ते बिनआवाजाचं कपाट त्यांच्याच हातचं. बाई नव्या नव्या डॉक्टर झाल्या, तेव्हा पहिली कॅप मोठ्या हौसेने वडिलांना बसवली. पुढच्या दाताला, काचेसारखी नितळ, अस्सल दातालाही लाजवेल अशी. आणि वडील तर आयुष्यभर खिळे पुढच्या दातांत धरून काम करणारे! आठवड्याच्या आत टवका उडाला. पण लेकीने केलेलं काम, तिला वाईट वाटेल, म्हणून त्या गृहस्थाने ब्र काढला नाही. हसायचं झालं की तोंडावर हात. कितीतरी दिवसांनी बाईंच्या ते लक्षात आलं.

“घरातला माणूस,” त्या म्हणाल्या, “लहानपणापासून खिळे तोंडात धरलेले बघत होते मी. तरी विचारलं नाही.”

तेव्हापासून या बाई आधी माणसाबद्दल विचारतात, मग कॅपचं मटेरियल ठरवतात. आणि पक्की कॅप करण्याआधी प्लॅस्टिकची कच्ची कॅप घालून घरी पाठवतात. “जेवा, बोला, भांडा,” म्हणाल्या. “आठवड्याने या. येताना ज्यांच्याशी सगळ्यात जास्त बोलता त्यांना घेऊन या.”

“बोलते मी. ते ऐकतात.”

“मग तर त्यांना आणाच.”

कच्च्या दातांनी शिट्टी गेली, पण जिभेला दाताऐवजी उंबरठा लागू लागला. सगळं बोबडं. हे अजून गप्पच. आठवड्याने यांचा हात धरून जिना चढले, एकेक पायरी. बाईंनी यांना स्टुलावर बसवलं आणि दात कसे घासावेत याचं भिंतीवरचं पत्रक मला मोठ्याने वाचायला लावलं.

“काका, कसं वाटतंय? खरं सांगा हं. तुमच्या भिडेचा मला उपयोग नाही.”

हे चाचरले. मग म्हणाले, “आहे हीच. पण तोंडात काहीतरी लपवून बोलतेय.”

बाईंनी कॅप मागच्या बाजूने जराशी घासली. मी तेच पत्रक वाचलं. पुन्हा घासली, पुन्हा वाचलं. बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले.

“जवळ आली,” हे म्हणाले. आणखी एकदा घासल्यावर यांनी मान वर केली. “हां! आता हिला जरा चिडवा.”

“का हो काका?”

“खात्री करायची तर खऱ्या आवाजात नको?”

“अहो, चारचौघांत तरी!” मी ओरडले.

“झालं,” हे म्हणाले. “हीच.”

मग बाईंनी हिशेब मांडला. मागून एवढी पातळ ठेवायची, तर काचेसारखी कॅप माझ्या दात खाण्यापुढे टिकायची नाही. नुसता धातू पुढच्या दातांना त्या बसवत नाहीत, आणि धातूवर चिनीमाती चढवली की परत जाडी आली. उरलं झिर्कोनिया. पातळ राहतं आणि चिवट असतं. “फक्त काचेइतकं जिवंत दिसत नाही. शेजारच्या दातांपेक्षा थोडं पांढरं वाटेल. आणि रात्री झोपताना दातांवर घालायला एक पट्टी देईन, ती घालायची म्हणजे घालायची.”

“बरं बरं. आजच बसवा.”

“थांबा.”

लॅबमधून कॅप आल्या, तर बाईंनी त्यांच्या पाठीवरून नख फिरवलं आणि परत पाठवल्या. खरखरीत राहिल्या तर खालचे दात झिजवतील, आरशासारख्या गुळगुळीत करून आणा, म्हणाल्या. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्या शांतपणे हात धूत राहिल्या.

शेवटी दात बसले. त्या दुपारी रेडिओ बंद केला आणि अर्धवट राहिलेलं प्रवासवर्णन उघडलं. पहिलं पान संपलं, हे गप्प. दुसऱ्या पानाच्या मध्यावर यांचा हात मांडीवरून उठला.

“अगं, हळू! बोट किनाऱ्याला लागली कधी? मागचं वाक्य पुन्हा वाच.”

वाचलं. घाईत एक शब्द गाळला, तर त्यावरूनही बोलणी खाल्ली.

पुस्तक यांच्या मांडीवर ठेवलं आणि खाली उतरून बाईंकडे गेले. ही बातमी त्यांना त्याच क्षणी सांगायची होती. दारातूनच म्हटलं, “बाई, त्यांनी मला टोकलं!”

खुर्चीत कोणीतरी आ करून बसलं होतं. बाईंनी मान वळवली नाही. “थांबा,” त्या म्हणाल्या, पण चष्म्याआडचे डोळे हसत होते.

मी स्टूल ओढलं आणि मुकाट्याने बसून राहिले.