पेंटरभाऊ आणि गंजपुऱ्याचे लाकडी बैल

बरं झालं, हे गेल्या वर्षीच गेले.

यंदाचा तान्हा पोळा त्यांना बघावा लागला नाही.

आज वर्ष झालं. सिंदी गावात सगळे त्यांना पेंटरभाऊ म्हणायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आला, काम गेलं. हात मात्र गप्प बसेना.

आमचा गंजपुरा म्हणजे स्टेशनमागची जुनी वस्ती. एकेकाळी कापसाच्या बैलगाड्या इथे मुक्कामाला असायच्या. नंतर ऑटोवालाही गल्लीच्या तोंडाशीच म्हणायचा, "आत नाई येत बाई, इथंच उतरा."

घरांना एकेक करून कुलपं लागत होती. यांना एवढंच हवं होतं, की लोकांनी हा पुरा बघावा आणि इथल्यांना इथे राहायची लाज वाटू नये.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागतात. पुऱ्यात घरोघरी असे जुने बैल होते. माळ्यावर, धुळीत.

हे म्हणाले, "बैल खाली काढू. प्रत्येकाची गोष्ट पाटीवर लिहू. लोकायले गोष्ट पाह्यजे असते."

गोष्टी मी गोळा केल्या. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचनालयात शिकले. मी लिहायचे, हे कापायचे. "वाक्य लांब झालं. पत्र्यात बसत नाई."

शेजारच्या वत्सलाबाई हसल्या. "काऊन वो, आता लाकडाची बी मुलाखत घेऊन राह्यल्या का?"

त्यांच्या बैलाचे डोळे सोड्याच्या बाटलीतल्या गोट्यांचे. घरात पहिली नात झाली तेव्हा सासऱ्यांनी कापसाच्या जिनिंगमधल्या मोडक्या तुळईतून तो घडवला होता. मुलगी झाली तरी बैल, म्हणून सगळा पुरा हसला. सासरे म्हणाले, "माही नात बोजारा मागन. तुमी फक्त देजा."

ही गोष्ट मला सगळ्यांत आवडायची.

यांनी पत्रे बैलाच्या झुलीच्या आकारात कापले. निळ्यावर पिवळी अक्षरं. चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी.

आमच्या दाराला पाटी नव्हती. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून बैलही नव्हता.

पहिल्या वर्षी वर्ध्याहून, नागपूरहून लोक आले. रील्स झाल्या. हे इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या तोंडाशी उभे.

"पाह्यलं का? ऑटोवाले आतपर्यंत येऊन राह्यले!"

त्यांना एवढं खूश मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग एक पांढरी गाडी आली. हॉटेलांची सजावट करणारा कोणी बाहेरचा माणूस होता. त्याला बैल विकत हवे होते.

मी म्हटलं, बाजारात नवे मिळतात की.

"भाभीजी, बैल कहीं भी मिलता है. इसकी स्टोरी है ना."

वत्सलाबाईंनी बैल द्यायचं ठरवलं. हे त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. "वत्सलाबाई, हा एक तरी राहू द्या."

"भाऊ, तुमी लिवाच्या आधी हा माळ्यावर पडून होता. कोणी इचारत नव्हतं. आता इचारून राह्यले, तर नाई म्हणू का? छत गळते माह्यं."

हे ओट्यावरून उठले.

वर त्याच म्हणाल्या, "पायाचा रंग उडला त्याच्या. जरा हात मारून द्या ना भाऊ."

यांनी दिला. पूर्ण दुपार बसून, बारीक ब्रशने.

त्या माणसाने बैल गाडीत ठेवला आणि पाटीचे स्क्रू काढायला लागला. "इसके बिना तो सिर्फ लकडी है."

मग दुसरं घर. मग तिसरं.

बैल संपत आले तसा तो दारांकडे वळला. कोरलेल्या चौकटी गेल्या. चौकट काढलेल्या घरात कोण राहणार? ज्यांना जमलं ते हायवेकडच्या नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये गेले. वत्सलाबाई मुलाकडे गेल्या. छत दुरुस्त झालंच नाही.

हे एकदाच म्हणाले, "आपण गोष्टी सांगाले नव्हत्या पाह्यजे."

मी म्हटलं, "जेवून घ्या."

गेल्या वर्षी दोनच बैल निघाले. त्याच आठवड्यात हे गेले. डॉक्टर म्हणाले हार्ट.

यंदा एकही निघाला नाही. ओढायला पोरंच उरली नाहीत.

दुपारी एक मुलगा-मुलगी आले, हातात फोन. "काकू, ती बैलांची गल्ली हीच का?"

"हीच होती."

त्यांनी भिंतींवरच्या स्क्रूच्या भोकांचे फोटो काढले. मुलगी गोड होती. माझ्याजवळ ओट्यावर बसली.

"एखादी गोष्ट सांगा ना काकू. आम्ही रेकॉर्ड करतो."

मला सगळ्या पाठ आहेत.

मी तिला पाणी दिलं. गोष्ट दिली नाही.

अहो, तुमचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण यापुढे गंजपुऱ्याची गोष्ट माझ्या तोंडून कुणाला ऐकू येणार नाही. ही शेवटची. तुमच्यासाठी लिहिली.

नमस्कार करते तुम्हाला. शांत झोपा.