माधवने केलेली दुरुस्ती

माझा मित्र माधव गेल्याचं त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या फोनवरून कळलं. कॉलेजात मी मुलांचं प्रॅक्टिकल घेत होतो. "भाऊजी, हे गेले... झोपेतच," एवढंच त्या बोलल्या. मी लातूरहून नांदेडची बस धरली. वर्षभर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

तुरीच्या पानाच्या फोटोवरून रोग ओळखणारा प्रोग्रॅम आम्ही दोघांनी मिळून केला. बिलोलीकडच्या शेतांतले फोटो घेऊन तो दर रविवारी लातूरला यायचा. सुरुवातीला त्याचा कोड माझ्या एडिटरमध्ये उघडला की चुकांच्या लाल रेघाच रेघा... मी वैतागायचो. एका रविवारी तो हसला. "अरे, तुझा एडिटर अख्ख्या संगणकाची पायथनची टूल्स धरून राहिला! या कामाची टूल्स या कामाच्याच फोल्डरात हायत." मग त्याने एडिटरला प्रकल्पाचं स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या टूल्सचं फोल्डर, दाखवून दिलं. कोड तपासणारं आणि नीट मांडणारं टूलही तिथलंच घ्यायला लावलं. सेटिंगची फाईल प्रकल्पातच ठेवली, म्हणजे दोघांकडे सारखंच चालणार. रेघा गेल्या. पुढे पुढे कोणती ओळ त्याची नि कोणती माझी, हे मलाही ओळखू येईना. त्याचा मला केवढा आनंद होता!

त्याच प्रोग्रॅमवर त्याला पुण्याच्या एका कंपनीत, घरून करायची नोकरी लागली. मला ते त्या प्रोग्रॅमवरच्या त्याच्या भाषणाच्या व्हिडिओवरून कळलं. पडद्यावर नाव एकच होतं, त्याचं. मी फोन केला.

"तुला सांगणारच होतो रे... तिथं एकाचंच नाव चालत होतं."

"मग तुझंच का?"

मी फोन ठेवला, तो कायमचाच.

तेराव्यानंतर वहिनींनी बोलावलं. त्याच्या संगणकावरचं काम कंपनीला सोपवायचं होतं. त्याच्या खोलीत, त्याच्या खुर्चीवर बसून मी प्रकल्प उघडला. बदलांच्या नोंदींत माझं नाव काढल्याचा दिवस सापडला. शेजारी त्यानेच लिहिलं होतं : 'लेखकांच्या नावात दुरुस्ती'. दुरुस्ती...

वहिनी चहा घेऊन आल्या. "तुम्हालाच नाव नको होतं ना, भाऊजी? हे सारखे सांगायचे, त्याला नावाचा सोस न्हाई, लई मोठ्या मनाचा हाय म्हणून."

म्हणजे घरीसुद्धा त्याने मला असं मोठं करून ठेवलं होतं. ती नोंद त्यांना दिसू नये म्हणून मी पडदा जरासा माझ्याकडे वळवला.

"हो," म्हणालो, "मलाच नको होतं."

त्या डोळे पुसत बाहेर गेल्या. खुर्चीच्या पाठीवर त्याचा टॉवेल तसाच होता. चहा निवून गेला तरी मी तिथंच बसून राहिलो... भांडायला तरी तो त्या खोलीत असायला हवा होता.