यात्रेचे दोन दिवस

शेजारच्या मशिनवरचा गडी गावची यात्रा करून कामावर आला की त्याच्या कानामागं राहिलेल्या गुलालाचा वास मला शिफ्टभर छळतो. ही नोकरी लागायच्या आधी, आमच्या गावाला लागूनच असलेल्या चाकणच्या एका कंपनीत मी मुलाखतीला गेलो होतो. एसी इतका, की तळहात गार पडलेले. सगळं जमत आलं तेव्हा साहेबांनी विचारलं, “सुट्टीबिट्टी काही आधीच ठरलेली आहे का?” मला खरं बोलायची खाज. म्हणालो, चैत्रात यात्रेला दोन दिवस लागतील, देवाच्या काठीचा मान आमच्या घरात आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “यात्रा सगळ्यांच्याच गावाला असते. मग लाइन कोण चालवणार?” नोकरी गेली ती तिथंच. चैत्रात यात्रेचा मांडव त्याच कंपनीनं दिला आणि प्रमुख पाहुणे म्हणून तेच साहेब आले. मला नाकारणारा तो हाच, असं मी वडिलांच्या कानात सांगितलं. “आसंल, पण आज गावाचा पाहुणा हाय,” म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं साहेबांना फेटा बांधला. साहेब माइकवर म्हणाले, “तरुणांनो, नोकरीच्या मागं लागून आपल्या परंपरा सोडू नका.” टाळ्या पडल्या. माझे दोन्ही हात काठीला होते. पुढं भोसरीच्या मुलाखतीत तोच प्रश्न आला, तेव्हा मी “काही नाही” म्हणालो. तेव्हापासून यात्रेच्या दिवशी मी मशिनवर असतो, काठी चुलतभाऊ धरतो. साहेब मात्र दरवर्षी फेटा बांधून घ्यायला येतात.